सुई हललीच नाही

जानेफळहून एका वाचक भावाचे पत्र आले आहे. सलाम-दुआ झाल्यावर ते लगेच मुद्द्यावर येतात. घरची शेती सोयाबीन-कपाशीची, विहिरीवर दोन वर्षांपासून सौर पंप. थोरली मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र, रोज एसटीने कॉलेजला जाऊन-येऊन करते. ते लिहितात :

"डायोडचा बँड गॅप काढायचे प्रॅक्टिकल होते. डायोड तापवत न्यायचा आणि मीटरची सुई किती पुढे सरकते ते लिहायचे. हिच्या टेबलावर सुई हललीच नाही. सोबतच्या मुलांनी मागच्या वर्षीच्या जर्नलमधून आकडे उतरवले. आमच्या मुलीने सगळ्या रकान्यांत शून्य लिहिले. बाकीच्यांच्या जर्नलवर सही झाली, हिच्या जर्नलवर लाल शाईत 'रिपीट' आले. ती दोन दिवस नीट जेवली नाही. तिची अम्मी म्हणते, जग जसे लिहिते तसे लिहून मोकळी हो. मला विज्ञान कळत नाही. तुम्ही सांगा, आमची मुलगी चुकली का?"

पत्राच्या शेवटी एक ओळ वेगळ्या शाईत आहे : "मे महिन्यात ऊन इतके कडक असूनही पंपाचे पाणी दुपारी कमी का होते, हेही कळले तर कळवा."

हे दोन प्रश्न एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत, हे पत्र लिहिताना त्यांना माहीत नव्हते. खरे सांगायचे तर पहिल्या वाचनात आमच्याही लक्षात आले नाही.

आम्ही फोन केला. मुलगी आधी बोलायलाच तयार नव्हती. आम्ही म्हणालो, "बेटा, मार्कांचे नंतर पाहू. तो डायोड दिसायला कसा होता तेवढे सांग."

"काळा होता चाचा. एका टोकाला चंदेरी पट्टा. वर बारीक अक्षरात ४००७ लिहिले होते."

"काचेचा नव्हता?"

"नाही. पुस्तकात काचेचा दाखवलाय, ओए ७९. पण डब्यात काळाच होता."

आमच्यापुरता उलगडा तिथेच झाला. त्या डब्यात जर्मेनियमचा डायोड असायला हवा होता. होता तो सिलिकॉनचा. मुलीने जे पाहिले ते अगदी बरोबर पाहिले होते.

थोडे समजावून सांगतो, कारण असा डबा एकाच कॉलेजात असेल असे आम्हाला वाटत नाही. डायोड म्हणजे विजेचा एकेरी रस्ता. सुलट जोडला तर प्रवाह जातो, उलट जोडला तर अडतो. मात्र पूर्ण अडत नाही, थोडी गळती राहते. ही गळती येते उष्णतेमुळे. अर्धवाहकाच्या आतले इलेक्ट्रॉन आपापल्या अणूंना बांधलेले असतात. त्यांना सुटायला जेवढी ऊर्जा लागते, तिला बँड गॅप म्हणतात. जर्मेनियममध्ये ती सुमारे ०.६७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, सिलिकॉनमध्ये १.१२. आकडे पाहून वाटते, फरक दुपटीचाही नाही. पण खोलीतल्या उष्णतेकडे द्यायला सरासरी ०.०२६ इतकीच ऊर्जा असते. एवढ्या तुटपुंज्या ऊर्जेवर उंच भिंत ओलांडणारे फार थोडे निघतात, आणि भिंत जराशी उंच झाली की ते झपाट्याने घटतात. नेहमीच्या तापमानाला शुद्ध जर्मेनियममध्ये असे मोकळे इलेक्ट्रॉन शुद्ध सिलिकॉनच्या दोन हजार पटींहून अधिक असतात.

म्हणून जर्मेनियमच्या डायोडची गळती मायक्रोअॅम्पिअरमध्ये मोजता येते. तापवला की कॉलेजातल्या साध्या मीटरवर सुई दिसेल अशी चढते. सिलिकॉनची गळती नॅनोअॅम्पिअरमध्ये, म्हणजे सुमारे हजारपट लहान. त्या मीटरवर ती दिसणारच नाही. तुम्ही अर्धा तास तापवा, नाही तर दिवसभर तापवा.

आता डब्यात चुकीचा डायोड कोणी ठेवला, असा प्रश्न येईल. त्यात कोणाची बदमाशी शोधू नये. जर्मेनियमचे डायोड आता दुकानात सहज मिळत नाहीत. जुना जळाला असेल, प्रयोगशाळेतल्या भाऊंनी दोन रुपयांचा नवा बसवला असेल. बाकीच्या प्रॅक्टिकलना तो चालतोही. फक्त या एका प्रॅक्टिकलला चालत नाही. खंत वेगळ्याच गोष्टीची आहे. त्या डब्यासमोर किती बॅचेस बसून गेल्या कोण जाणे, आणि जर्नलमध्ये मात्र प्रत्येकाची सुई चढत राहिली.

इथे आमचीही एक कबुली. फार वर्षांपूर्वी आम्ही एका कॉलेजात मुलांची प्रॅक्टिकल्स घेत होतो. आमच्याकडे एक कागद असायचा, त्यावर प्रत्येक प्रयोगाचे 'बरोबर उत्तर'. मुलाचे उत्तर त्याच्या जवळ आले की सही, नाही तर रिपीट. वीस मुले, दोन तास, पाच मीटर, त्यातले दोन बंद. त्या घाईत हेच सोपे पडायचे. एका वर्षी एक मुलगा वारंवार ०.५ च्या आसपास उत्तर आणत होता. आम्ही त्याला तीनदा परत पाठवले. चौथ्यांदा तो बरोबर उत्तर घेऊन आला. कुठून आणले ते आम्हाला कळले होते, तरी आम्ही सही केली. त्याच्या टेबलावरचा थर्मामीटर चार अंश चुकीचा दाखवत होता, हे आम्हाला पुढच्या वर्षी समजले.

त्यामुळे या भाईसाहेबांना उत्तर देताना आम्ही उंच आसनावर बसून बोलत नाही.

मुलगी चुकली का? एका बाबतीत थोडी चुकली, तेही तिला सांगितले. तिच्या मीटरवर पन्नास घरे होती आणि पन्नास मायक्रोअॅम्पिअर, म्हणजे एक घर एका मायक्रोअॅम्पिअरचे. सुई हलली नाही याचा अर्थ प्रवाह शून्य आहे असा होत नाही. अर्थ एवढाच, की प्रवाह एका घराहून कमी आहे. 'शून्य' आणि 'एक मायक्रोअॅम्पिअरहून कमी' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिले लिहिले की दार बंद. दुसरे लिहिले की पुढचा प्रश्न आपोआप येतो : मग आहे तरी किती? तिने खाली एक ओळ लिहायला हवी होती, "डायोडवर ४००७ हा क्रमांक आहे, सुई एका घराच्या आत राहिली." ती ओळ असती तर कदाचित तिच्या सरांचेही लक्ष डब्याकडे गेले असते.

मुलीने विचारले, "मग चाचा, माझ्या काळ्या डायोडचा बँड गॅप काढताच येणार नाही का?"

येतो. आणि त्याला मायक्रोअॅमीटर लागत नाही, स्वयंपाकघर पुरते. गळती मोजायची नाही, सुलट बाजूचा व्होल्टेज मोजायचा. डिजिटल मल्टिमीटरवर डायोडची खूण असते. तिथे ठेवून प्रोब लावले की मीटर स्वतःच साधारण एक मिलिअॅम्पिअर प्रवाह सोडतो आणि डायोडवरचा व्होल्टेज दाखवतो. सिलिकॉनचा डायोड तापला की हा व्होल्टेज दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टने घटतो.

रविवारी घरातले सगळे कामाला लागले. गावातल्या मोटार वाइंडिंगवाल्याकडून मल्टिमीटर उसना आणला, शाळेतून शंभर अंशांपर्यंतचा थर्मामीटर. (तापाचा थर्मामीटर अजिबात वापरू नये, बेचाळीसच्या पुढे तो फुटतो.) पातेल्यात गरम पाणी, त्यात तेलाची छोटी वाटी, तेलात डायोड आणि थर्मामीटर. डायोड थेट पाण्यात बुडवायचा नाही, कारण पाण्यातून वीज वाट काढते आणि आकडा बिघडतो. तेलातून ती जात नाही. पातेले चुलीवरून उतरवून ठेवायचे आणि तेल हळूहळू निवताना दर पाच अंशांना आकडा लिहायचा. अम्मीने थर्मामीटर वाचला, धाकट्या भावाने आकडे लिहिले, मुलीने प्रोब धरले. मध्येच मीटर एकदम शून्य दाखवू लागला. मुलगी घाबरली. पण या वेळी तिने शून्य लिहून टाकले नाही, वाकून पाहिले. डायोडचे दोन्ही पाय स्टीलच्या वाटीला टेकले होते. स्टीलची वाटी बदलून चिनी मातीची आणली, काम पुढे सुरू.

सत्तर अंशाला आकडा आला ५०५ मिलिव्होल्ट, तीस अंशाला ५८५. चाळीस अंशांत ऐंशी, म्हणजे अंशाला दोन. मधले आकडे जवळजवळ सरळ रेषेत पडले, एकच बिंदू बाहेर गेला. तो खोडायचा नाही, गोल करून ठेवायचा, असे आम्ही आधीच बजावले होते.

मग ती रेषा डावीकडे वाढवत न्यायची, उणे २७३ अंशापर्यंत, जिथे उष्णता संपते. तिथे ती रेषा १.१९ व्होल्टला पोचली. सिलिकॉनचा बँड गॅप अतिथंड अवस्थेत १.१७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मानतात. जानेफळच्या स्वयंपाकघरात, उसन्या मीटरवर, तेलाच्या वाटीत एवढे जवळचे उत्तर आले. फोनवर धाकट्या भावाचा आवाज मागून येत होता : "चाचा, आता तेल टाकून द्यायचे का?" अम्मीने उत्तर आमच्याआधी दिले.

याच काळ्या डायोडच्या न दिसणाऱ्या गळतीमागे मोठी गोष्ट आहे. समजा, मुलीला नॅनोअॅम्पिअर मोजणारा भारी मीटर मिळाला असता. तरी कॉलेजच्या सूत्राने तिला १.१२ मिळाले नसते, त्याच्या निम्म्याच्या जवळपास काहीतरी मिळाले असते. आणि तेही तिच्या हातून झालेली चूक नसती. सिलिकॉनमध्ये गळतीचा मोठा भाग जोडाच्या आतल्या मोकळ्या पट्ट्यात तयार होतो आणि त्याचे गणित वेगळे आहे. चिह-तांग साह, रॉबर्ट नॉइस आणि विल्यम शॉकली यांनी १९५७ मध्ये ते मांडले. त्यातल्या नॉइस यांनी १९६८ मध्ये गॉर्डन मूर यांच्यासह इंटेल कंपनी काढली. सूत्राशी न जुळणारे आकडे त्यांनी दाबून टाकले नाहीत, एवढे इथे लक्षात घ्यावे.

गळतीचा आणखी एक भाग सिलिकॉनच्या पृष्ठभागावरून होतो. त्याने त्या काळातल्या कारखानदारांना सळो की पळो केले होते. इजिप्तमधल्या पोर्ट सईदला १९२४ मध्ये जन्मलेले मोहम्मद अताल्ला कैरो विद्यापीठात शिकले, पुढे अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात पीएच.डी. करून बेल प्रयोगशाळेत लागले. सिलिकॉन तापवून त्यावर त्याच्याच ऑक्साइडचा, म्हणजे जवळपास काचेचा, पातळ थर चढवला तर पृष्ठभाग शांत होतो, हे त्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस दाखवले. त्याच थराचा उपयोग करून त्यांनी आणि कोरियात जन्मलेल्या दावोन कांग यांनी १९५९ मध्ये मॉसफेट हा ट्रान्झिस्टर बनवला. आज तुमच्या हातातल्या मोबाईलमध्ये तसे अब्जावधी आहेत. मुलीला हे नाव पहिल्यांदाच कळले. तिच्या पुस्तकात मॉसफेटचे प्रकरण आहे, पण बनवणाऱ्यांची नावे नाहीत.

देशात आता चिप बनवण्याची हवा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, गुजरात आणि आसामात कारखाने उभे राहत आहेत. आमच्याकडेही पालक विचारतात, त्यात नोकरी लागेल का? आम्ही ज्योतिषी नाही. मात्र अशा कारखान्यात दिवसभर एकच काम चालते : आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा आला तर का आला ते शोधायचे. मागच्या बॅचचा आकडा उतरवणारा माणूस तिथे तोटा करून ठेवतो.

असे शिकवता येते का? मुंबईत मानखुर्दला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथे प्रा. एच. सी. प्रधान आणि राजेश खापर्डे यांनी प्रयोग शिकवण्याची वेगळी रीत बसवली. विद्यार्थ्याला आधी एखादे प्रात्यक्षिक दाखवायचे, मग कृतीचा तयार कागद न देता प्रश्न द्यायचा आणि उपकरणे पुढ्यात ठेवायची. काय मोजायचे, किती वेळा, कोणत्या मीटरने, हे त्याने ठरवायचे. पदवीच्या मुलांसाठी त्या केंद्राने २००४ पासून राष्ट्रीय उपक्रमही राबवला. आमच्या खेड्यातल्या कॉलेजांत तेवढी साधने नाहीत, शिक्षकांच्या जागाही रिकाम्या असतात, हे खरे. पण डायोडचा क्रमांक जर्नलमध्ये लिहायला साधन लागत नाही. मीटरवरचे एक घर किती मोलाचे, हे आधी लिहायलाही लागत नाही. आणि 'सुई का हलली नाही' या प्रश्नाला चार मार्क ठेवायला तर फक्त लाल पेन लागतो.

आता राहिला पंप. तेलाची वाटी आणि विहिरीवरचे पॅनेल यांत जात एकच आहे. पॅनेलमधली प्रत्येक निळी-काळी चकती हा सिलिकॉनचा पसरट डायोडच. तापला की त्याचाही व्होल्टेज दर अंशाला दोन मिलिव्होल्टच्या आसपास घटतो. पॅनेलच्या पाठीवर छापलेले वॅट २५ अंशांचे असतात. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी पॅनेलची काच हात लावू देत नाही, आतली चकती सहज ६५ अंशांवर गेलेली असते. चाळीस अंशांचा फरक, एका चकतीमागे ऐंशी मिलिव्होल्ट. बहात्तर चकत्यांच्या पॅनेलमागे पावणेसहा व्होल्ट गेले, म्हणजे पंचेचाळिसातले एकोणचाळीस उरले. तापल्यामुळे प्रवाह किंचित वाढतो, पण तो ही तूट भरून काढत नाही. त्यात धूळ बसली असेल तर आणखी घट, आणि उन्हाळ्यात विहीर खोल गेली असेल तर तेही गणितात धरावे लागते. पॅनेल बिघडले आहे असे मानून कोणी बदलून घ्यायचा सल्ला दिला, तर आधी ते सकाळी गार असताना तपासून पाहा.

हेही मुलीने करून पाहिले. पंपाच्या पॅनेलला मात्र हात लावू दिला नाही. ती सगळी एकापुढे एक जोडलेली असतात, तारांवर तीन-चारशे व्होल्ट डीसी असतो, आणि तो जीव घेऊ शकतो. घरी लोडशेडिंगच्या दिव्यासाठी छत्तीस चकत्यांचे छोटे पॅनेल आहे. ते दिव्यापासून सोडवून सावलीत ठेवले, दुपारी एकदम उन्हात आणून लगेच मोजले : २०.४ व्होल्ट. वीस मिनिटे तिथेच तापू दिले आणि पुन्हा मोजले : १८.८. ऊन तेच, पॅनेल तेच. भाईसाहेब म्हणाले, आकडा उतरताना त्यांनी स्वतः मीटरवर पाहिला, मुलीने सांगितले म्हणून मानला असे नाही.

मग मार्कांचे काय? अम्मीचा सल्ला मायेपोटी आहे, आम्ही त्याला नावे ठेवत नाही. पण न पाहिलेला आकडा पाहिला म्हणून लिहिणे ही साक्ष खोटी आहे, मग ती कोर्टात असो की जर्नलात. मुलीला आम्ही सांगितले : सरांशी वाद घालू नकोस. अदबीने जा, डायोड हातात घेऊन जा, क्रमांक दाखव. घरी केलेला आलेख सोबत ठेव, तो गोल केलेला बिंदूही राहू दे. सरांनी ऐकले तर ठीक. नाही ऐकले तरी जर्नलात 'एका घराहून कमी' हेच लिही. मार्क कमी पडले तर पडले, असे म्हणणे आम्हाला सोपे आहे, भरायचे तिला आहेत, याची आम्हाला जाणीव आहे.

हा मजकूर छपाईला जाण्याआधी पुन्हा फोन आला. मल्टिमीटर परत करायला गेले तेव्हा वाइंडिंगवाल्याने विचारले, एवढे दिवस कशाला लागला? सगळी हकीकत ऐकून तो आत गेला आणि फळीवरचा एक मोडका रेडिओ काढून घेऊन आला. जुन्या रेडिओत आवाज वेगळा काढायला जर्मेनियमचाच डायोड असायचा. त्याने तो सोल्डर सोडवून काढून दिला, पैसे घेतले नाहीत. काचेची बारीक नळी, वरचा रंग अर्धा उडालेला, क्रमांक वाचता येत नाही. मुलीने मल्टिमीटरवर तपासला, २७० च्या आसपास आकडा आला. सिलिकॉन असता तर सहाशेच्या जवळ आला असता.

सोमवारी तिचे रिपीट प्रॅक्टिकल आहे. काचेचा डायोड कापसात गुंडाळून कंपासपेटीत ठेवला आहे, काळाही सोबत नेणार आहे. सुई कुठवर चढली ते कळवले की पुढच्या अंकात छापू.